पत्रादेवी ते पोळे, खिशात एक नाव

गोव्यात होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या साठ लाख ज्यूंच्या संहाराच्या, स्मरणासाठी सायकलफेरी काढायची ठरली की पहिली बैठक हमखास एकाच मुद्द्यावर घोटाळते: अंतर किती ठेवायचं? कुणी म्हणतं, जानेवारी १९४५ मध्ये पोलंडमधल्या ऑश्विट्झ छळछावणीच्या कैद्यांना वोजिस्वाफ गावापर्यंत ६३ किलोमीटर चालवत नेलं होतं, आपणही तेवढंच ठेवू. कुणी कॅलक्युलेटर काढतं: साठ लाख भागिले १४०, म्हणजे दर किलोमीटरला ४२,८५७ माणसं. पोस्टरवर उठून दिसेल.

दोन्ही कल्पना तिथल्या तिथे मोडीत काढा. त्या पायपिटीत सुमारे ५६,००० कैद्यांना बर्फातून हाकलत नेलं, मागे पडेल त्याला गोळी घातली आणि १५,००० च्या आसपास माणसं मेली. आपल्या फेरीत दर पंचवीस-तीस किलोमीटरला केळी आहेत आणि पाय भरून आले तर टेम्पो आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पहिली लहान होते, दुसरी काही मोठी होत नाही. जेरुसलेमचं याद वाशेम असो की वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय, हा विषय शिकवणाऱ्या संस्था छळाची नक्कल करायला लावणारे उपक्रम नकोत असं सांगतात ते यासाठीच. म्हणून कैद्यांच्या कपड्यांसारखी पट्टेरी जर्सी नको, ज्यूंना लावायला लावत तसा छातीवर पिवळा तारा नको, ‘त्यांचं दुःख अनुभवा’ असं वाक्य कुठेही नको. कष्ट आपले आहेत, ते निधीसाठी आहेत, एवढंच.

पोलंडमधल्या क्राकूफच्या ज्यू समुदाय केंद्राने २०१४ पासून चालवलेल्या ‘राइड फॉर द लिव्हिंग’ची दिशा पाहा. ती ऑश्विट्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या फाटकाकडे जात नाही, तिथून निघून क्राकूफला, आज जिवंत असलेल्या समाजाकडे येते. आपल्याला त्यातून घ्यायचं ते हेच: फेरी कुठून निघाली याहून ती कुठे पोचते आणि पैसा कुठे जातो हे महत्त्वाचं.

तर अंतर गोव्याच्याच नकाशातून घ्या. उत्तरेचं टोक पत्रादेवी, दक्षिणेचं पोळे. राष्ट्रीय महामार्ग ६६ चा गोव्यातला पल्ला १३९ किलोमीटर असा जुना आकडा आहे. मडगाव आणि काणकोणच्या बगलरस्त्यांनी तो थोडा बदलतो. आखणीला १४० धरा आणि स्वतः सायकलचा मीटर लावून मोजा. पत्रादेवीला हुतात्म्यांचं स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोळ्या झेलणाऱ्यांची आठवण तिथे आधीपासून आहे, तेव्हा सुरुवात शांतपणे, ढोलताशाशिवाय झाली तर कुणाला त्याचं कारण सांगावं लागत नाही.

दिवस, वारा, रस्ता

२७ जानेवारी हा संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरणदिन. १९४५ मध्ये त्याच तारखेला सोव्हिएत रेड आर्मी ऑश्विट्झला पोचली. आदल्या दिवशी प्रजासत्ताकदिन असतो, पोलिस संचलनात अडकलेले असतात, त्यामुळे २७ चा हट्ट न धरता जवळचा रविवार घ्या. शनिवार टाळा. शब्बाथमुळे (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीदिन) ज्यू पाहुणे प्रवास करणार नाहीत, आणि ज्यांच्यासाठी स्मरण आहे त्यांनाच बाहेर ठेवणारी तारीख निवडण्यात अर्थ नाही. इस्रायलचा स्वतःचा स्मरणदिन एप्रिल-मेमध्ये पडतो. त्या उकाड्यात गोव्यात १४० किलोमीटर म्हणजे रुग्णवाहिकेला आमंत्रण.

जानेवारीत पहाटे २० अंश, दुपारी ३२ च्या आसपास. दुपारी समुद्रावरचा वारा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणं शहाणपणाचं: शेवटच्या टप्प्यात वारा पाठीशी किंवा उजव्या खांद्याशी राहतो. उलट दिशेने काढलीत तर तोच वारा थकलेल्या माणसाच्या तोंडावर.

सुटायची वेळ सहा. सूर्योदय सातनंतर, म्हणजे पहिला तास अंधारातला. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, अंगावर चमकती जॅकेट, यात सूट नाही. वेळेची मर्यादा २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेवरून (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) काढा: तिथे साडेतेरा तास मिळतात, त्या वेगाने १४० ला साडेनऊ. शेवटचा सायकलस्वार साडेतीनला पोचतो आणि अंधार पडायला तीन तास हातात राहतात.

पत्रादेवीहून पेडणे, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा. हा रस्ता रुंद, हवा गार, पाय ताजे, आणि निम्मी मंडळी इथेच वाजवीपेक्षा वेगाने जातात. त्याची वसुली करमल घाटात होते. म्हापशापर्यंत पुढे एक जुनाजाणता सायकलस्वार ठेवा आणि त्याला ओलांडायचं नाही असा नियम करा. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असेपर्यंत वळणरस्ते सारखे बदलतात. आदल्या आठवड्यातली पाहणी सुद्धा जुनी ठरते, आदल्या दिवशीची हवी. मांडवीवर अटल सेतू दुचाकींना बंद आहे, तेव्हा जुन्या पुलावरूनच जायचं, आणि पर्वरीच्या उतारावर भरधाव आलेला माणूस चुकीच्या मार्गिकेत शिरू नये म्हणून फाट्यावर झेंडा घेऊन माणूस उभा हवा. झुआरीवर सायकली कुठल्या मार्गिकेने सोडायच्या हे वाहतूक पोलिसांकडून लेखी घ्या. तोंडी होकार सकाळी ड्युटीवरच्या हवालदाराला माहीत नसतो.

कुठ्ठाळी, वेर्णा, नुवें, मडगावचा बगलरस्ता, कुंकळ्ळी, बाळ्ळी इथवर सगळं ओळखीचं. बाळ्ळीनंतर करमल घाट. वळणं आंधळी, रस्ता अरुंद, दोन्हीकडे जंगल, मधे मोबाइलला रेंज नाही. इथे जोडीजोडीने चालवायचं नाही, एकामागे एक. घाटाच्या दोन्ही टोकांना वही घेऊन माणूस बसवा: वर गेला त्याचा क्रमांक आणि वेळ, खाली उतरला त्याचा क्रमांक आणि वेळ. चाळीस मिनिटांत ताळा बसला नाही तर मागची गाडी आत जाते. वॉट्सअ‍ॅपवरच्या थेट लोकेशनवर भिस्त ठेवणारे संयोजक घाटातच तोंडघशी पडतात. बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय महामार्गालाच लागून आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. खरी पोकळी बाळ्ळी ते काणकोणचं चावडी. म्हणून तुमची भाड्याची रुग्णवाहिका फेरीच्या मागे धावत न ठेवता दुपारी बाराला बाळ्ळीत उभी करा. बाकी ठिकाणी १०८ पोचते.

पोळेला सांगता करू नका. ती सीमा आहे, ट्रकांची रांग आणि धूळ. तिथे फक्त शिक्का मारायचा आणि मागे फिरून लोलये किंवा चावडीतल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात जमायचं.

टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय, ३२ मध्ये ५५ ते ६०. दगडासारखी कडक हवा भरली म्हणजे वेग वाढतो हा समज सोडा; गतिरोधकांच्या पट्ट्यांवर हात बधिर होतात एवढंच होतं. पंक्चर बहुतेक वेळा खडीने होत नाही, फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक तारेने होतं, आणि ती तार टायरमध्ये तशीच राहिली तर नवी ट्यूब दहा मिनिटांत बसते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवायचं. कापड अडकलं की तार सापडली. प्रत्येकाकडे दोन ट्यूबा, लिव्हर, पंप आणि साखळीची जोडकडी.

पाण्याचा हिशेब ५० जणांसाठी: तासाला ६०० मिली, आठ तास, म्हणजे २४० लिटर. सांडणं, तोंड धुणं धरून ३०० लिटर, म्हणजे वीस लिटरचे १५ जार. माणशी तीन याप्रमाणे ओआरएसची १५० पाकिटं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असतं आणि लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करतात. मग तहान वाढते, पोट बिघडतं आणि दोष उन्हाला जातो. पाकिटं थांब्यावरच जारमध्ये मिसळा, हातात देऊ नका. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि भोवतालचे त्याला आणखी पाणी पाजतात.

खाणं तासाला ४० ग्रॅम कर्बोदकं धरून आखा. एका केळ्यात साधारण २५, एका उंड्यात (गोव्याचा गोल पाव) जवळजवळ तेवढीच. माणशी चार केळी म्हणजे २००. वीस डझन मागवा. सालदाटी मिळाली तर उत्तम, नावाप्रमाणे साल दाट असल्यामुळे टेम्पोत चेंगरत नाही. कोकमाचं सरबत मीठ घालून सगळीकडे चालतं. सोलकढी मात्र नारळाच्या रसाची, उन्हात फाटते. ती शेवटच्या जेवणालाच.

नावाचं कार्ड

प्रत्येक सायकलस्वाराला एका माणसाचं कार्ड द्यायचं. नाव, वय, गाव, व्यवसाय, मृत्यूचं ठिकाण जितकं माहीत असेल तितकं. याद वाशेमच्या नावांच्या संग्रहात ही माहिती कुणालाही शोधता येते. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी भरून दिलेली साक्षपत्रं तिथे आहेत. निवड करताना सगळी मुलंच उचलण्याचा मोह होतो. मारलेल्यांत सुमारे १५ लाख मुलं होती हे खरं, पण शिंपी, दाई, बँकेतला कारकून, म्हातारी आजी हेही होते. पन्नास कार्डांत समाज दिसला पाहिजे.

देवनागरीत लिहिताना पोलिश नावांची वाट लागते. आडवी रेघ असलेल्या एलचा उच्चार ‘व’च्या जवळ, म्हणून जे शहर इंग्रजी वळणाने ‘लोड्झ’ लिहिलं जातं ते ‘वूच’. डब्ल्यू म्हणजे ‘व’, शब्दाच्या शेवटी ‘फ’. सीझेड म्हणजे ‘च’, एसझेड म्हणजे ‘श’, जे म्हणजे ‘य’. मराठी वर्तमानपत्रांत रुळलेलं ‘ऑश्विट्झ’ तसंच राहू द्या, पण माणसांची नावं एकदा जाणकाराकडून वाचून घ्या. स्मरण करायचं आणि नावच चुकीचं घ्यायचं, हे बरोबर नाही.

रोमा (जिप्सी) लोकांचीही कार्डं ठेवा. त्यांच्यातल्या बळींचे अंदाज अडीच ते पाच लाखांपर्यंत जातात. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री बिर्केनाऊतला त्यांचा विभाग रिकामा करताना ४,००० हून अधिक जणांना मारलं. त्यांची भाषा भारतीय आर्य कुळातली आहे. मोजताना ते एक, दुय, त्रिन, श्तार, पांज म्हणतात आणि दहाला देश. मराठी वर्गात हे पाच आकडे फळ्यावर लिहिले की वेगळी प्रस्तावना लागत नाही.

कार्ड पोस्टकार्डाच्या आकाराचं, लॅमिनेट केलेलं, जर्सीच्या मागच्या खिशात. हँडलला बांधू नका; खड्ड्यात सुटतं आणि मागच्याच्या चाकाखाली जातं. नावं सांगतेला एकदाच वाचायची. एका कार्डाला बारा सेकंद, पन्नास कार्डांना दहा मिनिटं. थकलेले लोक दहा मिनिटं उभे राहतात, पंधरा नाही. नुसतं नाव घ्यायला पाच सेकंद धरले तरी साठ लाख नावं अखंड वाचायला ३४७ दिवस लागतील. हा हिशेब फेरीत नको, वर्गात सांगा.

सहा मेणबत्त्या, दोन मिनिटं शांतता, नावं, बस्स. पाहुण्यांची शाल-श्रीफळ आणि भाषणं दुसऱ्या दिवशी करा. अलिबाग-मुंबईकडचे बेने इस्राएल घरी मराठी बोलणारे. त्यांच्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना बोलावलं तर प्रार्थनेचा अर्थ मराठीतच कळतो. कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला परंपरेने दहा जणांची उपस्थिती लागते, म्हणून ते आधी विचारा, मंचावर आग्रह नको. आणि त्यांना ‘वाचलेले’ म्हणून ओळख करून देऊ नका. कोकणातल्या या समाजावर ते संकट आलं नव्हतं.

पैसा

खर्च आणि देणगी पहिल्या दिवसापासून वेगळी. प्रवेशशुल्क माणशी १,५०० धरलं तर पन्नास जणांचे ७५,००० होतात. त्यात पाणी, टेम्पो, रुग्णवाहिका, छपाई बसवायची. देणगीतला रुपयाही केळ्यांवर जाता कामा नये. ‘दर किलोमीटरला पाच रुपये’ असं वचन आकर्षक वाटतं (१४० चे ७०० रुपये, माणशी बारा दाते, पन्नास सायकलस्वार, बेरीज ४,२०,०००), पण फेरीनंतर वसुली करताना निम्मे दाते फोन उचलत नाहीत. ७०० आधीच घ्या. क्यूआर कोड नोंदणीकृत संस्थेच्या खात्याचा, कुणा संयोजकाच्या नावाचा नव्हे. ज्याला सगळे अजून ८०जी म्हणतात ती करसवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि पॅन घेतला नसेल तर पावती देताना धावपळ होते.

गोव्यात खरी खोच परदेशी देणगीची आहे. परदेशी नागरिकाने दिलेला पैसा रुपयांत असला तरी तो विदेशी अंशदान ठरतो, आणि एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला तो घेता येत नाही. हणजूणला दानपेटीत पाचशेची नोट टाकणारा इस्रायली पर्यटक यात येतो. इंग्लंडमधल्या स्विंडनला स्थायिक झालेला, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला तुमचा मावसभाऊही येतो, मग त्याचं घर लोटलीत असो. भारतीय पासपोर्टवर परदेशात नोकरी करणाऱ्याचं मात्र चालतं. म्हणून उघडी दानपेटी ठेवूच नका आणि अर्जावर नागरिकत्वाचा रकाना ठेवा. उलट बाजूने, भारतातल्या धर्मादाय संस्थेने पैसा देशाबाहेर खर्च केला तर खास परवानगीशिवाय त्या रकमेची करमाफी जाते. ज्याला याद वाशेमला द्यायचे आहेत त्याने बँकेतून स्वतः पाठवावेत. तुमचा निधी इथल्या वर्गांसाठी, मराठीत.

आणि इथे गरज आहेच. आपल्याकडे कडक बापाला हिटलर म्हणतात, तेही कौतुकाने. २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाचं उपाहारगृह उघडलं आणि ज्यूंच्या निषेधानंतर नाव बदलावं लागलं. नववीला नाझीवादाचा धडा अनेक वर्षं शिकवला गेला, पण परीक्षेला ‘हिटलरच्या उदयाची कारणे’ येत. ज्यांना मारलं ते कोण होते हे येत नसे.

तीन तासिका पुरतात, सहावीच्या खाली नको. पहिलीत युद्धाआधीचं साधं आयुष्य: लग्नं, दुकानं, शाळेचे फोटो. दुसरीत पायऱ्या: जानेवारी १९३३ मध्ये सत्ता, एप्रिलमध्ये दुकानांवर बहिष्कार, सप्टेंबर १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे, नोव्हेंबर १९३८ ची जाळपोळ, १९४१ पासून सामूहिक गोळीबार, जानेवारी १९४२ ची, संहाराचं नियोजन करणारी वान्झे बैठक. प्रेतांचे ढिगारे दाखवू नका. मुलं हबकतात किंवा हसतात, दोन्हीत शिकणं थांबतं. स्वस्तिकाचा प्रश्न येणारच, तो टाळू नका: दारातलं चिन्ह हजारो वर्षांचं, नाझी त्यांच्या चिन्हाला हाकेनक्रॉइझ (आकड्यांचा क्रूस) म्हणत, आणि त्यांनी ते कशासाठी वापरलं ते सांगा.

तिसरी तासिका गोव्याची. इथल्या मुलांना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ठाऊक असतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याच्या सरकारने परिपत्रक काढून ज्यू आणि राज्यविहीन निर्वासितांना लिस्बनच्या परवानगीविना व्हिसा देऊ नये असं वकिलातींना बजावलं. बोर्दोचे पोर्तुगीज वाणिज्यदूत आरिस्तिदेस द सोझा मेंदेस यांनी जून १९४० मध्ये तो हुकूम मोडला, हजारोंना व्हिसे दिले, नोकरी घालवली आणि १९५४ मध्ये हलाखीत वारले. याद वाशेमने १९६६ मध्ये त्यांचा गौरव केला. ज्या राजवटीने गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांना तुरुंगात डांबलं तिनेच यांना देशोधडीला लावलं, हे कळल्यावर मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. त्यानंतर आकाशवाणीची ती जुनी धून वाजवा. ती रचणारे वॉल्टर कॉफमन हे नाझींमुळे १९३४ मध्ये मुंबईत आलेले ज्यू संगीतकार.

कुणीतरी इन्क्विझिशनही (पोर्तुगीज काळातलं गोव्यातलं चर्चचं धर्मन्यायालय) यात घाला म्हणेल. ज्यू वंशाचे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचे अवशेष १५८० मध्ये उकरून जाळले गेले, पणजीत त्यांच्या नावाची बाग आहे, विषय महत्त्वाचाच. पण तो वेगळा इतिहास आहे, वेगळी तासिका मागतो. दोन्ही एकत्र केले की वर्ग ‘कोण जास्त क्रूर’ या वादात संपतो.

साहित्य एका पत्र्याच्या पेटीत ठेवा: वीस गुंडाळता येणारी भित्तिपत्रकं, पन्नास कार्डांचा संच, शिक्षकांसाठी टिपण, धुनीची फाइल. पेटी एका माणसाला कदंब बसमध्ये चढवता आली पाहिजे, नाहीतर ती मडगावच्या पुढे जात नाही. आत एक वही: शाळा, इयत्ता, पटसंख्या, तारीख, आणि मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत. पुढच्या जानेवारीआधी टिपण सुधारताना ती वही उघडायची.